जुनी जीप बघायला जाताय? आधी खाली वाका

नागपुरात जुनी जीप विकायला निघाली की जाहिरातीत तीन गोष्टी ठरलेल्या असतात: "आर्मी डिस्पोजल", "फोर बाय फोर चालू" आणि "कागद क्लिअर". कामठीची छावणी इथून हाकेच्या अंतरावर आहे, जबलपूरचा सैनिकी वाहनांचा कारखानाही फार लांब नाही. त्यामुळे पहिली गोष्ट लोकांना लगेच पटते. पण "विलीज" (मूळ अमेरिकन जीप) म्हणून दाखवल्या जाणाऱ्या बहुतेक गाड्या महायुद्धातल्या नसतात, त्या महिंद्राने भारतात बनवलेल्या असतात. त्यात वाईट काहीच नाही. वापरायला आणि सुटे भाग मिळायला त्याच बऱ्या. फक्त पैसे कशाचे देतोय हे कळलं पाहिजे. कुठला भाग कोणत्या काळात आणि का बदलला हे ठाऊक असलं, तर गाडीखाली वाकून पाच मिनिटांत तिचं कूळ सांगता येतं. म्हणून सुरुवात थोड्या मागून करू.

१९४० च्या उन्हाळ्यात अमेरिकन सैन्याने १३५ कंपन्यांना विचारणा केली. चारही चाकांना जोर असलेली, पाव टन ओझ्याच्या वर्गातली हलकी गाडी हवी होती. वजनाची मर्यादा १३०० पौंड, म्हणजे ५९० किलो, आणि नमुना गाडी ४९ दिवसांत तयार. ही वजनाची अट ज्याने लिहिली त्याने बहुधा डिफरेंशियल (ॲक्सलच्या मधला गिअरचा गोळा) कधी हातात उचलून पाहिलं नसावं. पुढे मर्यादा वाढवावीच लागली. तेव्हा मनापासून पुढे आल्या त्या दोनच कंपन्या: पेनसिल्व्हेनियातल्या बटलर गावची अमेरिकन बँटम आणि ओहायोतल्या टोलेडोची विलीज-ओव्हरलँड. बँटमसाठी कार्ल प्रॉब्स्ट या इंजिनिअरने आराखडे काढले आणि २३ सप्टेंबर १९४० ला बँटमची गाडी मेरीलँडमधल्या कॅम्प होलाबर्डला वेळेत पोचली. म्हणजे जीपचा मूळ आकार बँटमचा. पण कंपनी लहान होती. एवढ्या गाड्या ती बनवू शकेल असं सैन्याला वाटेना, म्हणून तिचे आराखडे विलीज आणि फोर्डलाही दाखवले गेले.

विलीज जिंकली ती इंजिनामुळे. बँटमचं इंजिन ४५ हॉर्सपॉवरचं, फोर्डने तर ट्रॅक्टरच्या इंजिनावरून बेतलेलं बसवलं होतं. विलीजकडे बार्नी रूस या मुख्य इंजिनिअरने सुधारलेलं "गो-डेव्हिल" होतं: चार सिलिंडर, २१९९ सीसी, ६० हॉर्सपॉवर. बोअर (सिलिंडरचा व्यास) ७९ मिलिमीटर आणि स्ट्रोक (पिस्टनची चाल) १११. लांब स्ट्रोकमुळे सगळी ओढ कमी फेऱ्यांवरच मिळते, २००० आरपीएमला सुमारे १४२ न्यूटन-मीटर. कॉम्प्रेशन जेमतेम ६.४८ ला १. तेव्हाचं हलक्या प्रतीचं पेट्रोलही या इंजिनाला चालत असे.

विलीजच्या गाडीचं नाव एमबी. एकट्या विलीजला मागणी पुरवता येईना म्हणून फोर्डने त्याच आराखड्यावर जीपीडब्ल्यू बनवली. दोन्ही मिळून सहा लाखांहून जास्त गाड्या निघाल्या. त्यांचे भाग एकमेकांना बसतात, पण ओळखायच्या खुणा वेगळ्या आहेत. पुढच्या जाळीमागे, रेडिएटरखाली बघा. चेसिसची आडवी पट्टी गोल पाइपची असेल तर विलीज, उलट्या यू आकाराची असेल तर फोर्ड. फोर्डने बोल्टच्या डोक्यांवरसुद्धा एफ अक्षर उठवलं होतं. नऊ चिरांची पत्र्याची जाळी मुळात फोर्डची, ती नंतर विलीजनेही घेतली. सात चिरांची जाळी दिसली तर गाडी युद्धानंतरच्या नागरी घराण्यातली, किंवा जाळी नंतर बदललेली. मग विक्रेता "आजोबा बर्मा फ्रंटवर होते" म्हणाला तरी ऐकून सोडून द्यायचं.

सव्वीस आणि सदतीस

युद्ध संपल्यावर विलीजने १९४५ मध्ये सीजे-२ए आणली, ती थेट शेतकऱ्यासाठी. मागे उघडणारं फळकूट, मोठे हेडलाइट, बाजूला लावलेली स्टेपनी हे बदल सगळ्यांना दिसतात. महत्त्वाचा बदल गिअरमध्ये होता.

सैन्याच्या एमबीत पहिला गिअर २.६७, ट्रान्सफर केसचा (जोर पुढच्या-मागच्या ॲक्सलला वाटणारी गिअरपेटी) लो १.९७ आणि ॲक्सल ४.८८. गुणाकार साधारण २६, म्हणजे इंजिनाचे २६ फेरे झाले की चाकाचा एक. सीजे-२ए मध्ये पहिला गिअर २.८०, लो साधारण २.४५ आणि ॲक्सल ५.३८. गुणाकार ३७. इंजिन १००० आरपीएमला धरलं तर ६.००-१६ टायरवर ही गाडी ताशी साडेतीन किलोमीटरने सरकते, म्हणजे माणसाच्या चालीपेक्षाही हळू. ब्रेक आणि क्लचला हात न लावता शेताचा धुरा ओलांडणं, नांगर ओढणं, उतारावर इंजिनाच्या जोरावर गाडी धरून ठेवणं, हे सगळं या गुणाकारातून येतं. ६० हॉर्सपॉवर म्हणजे आजच्या लहान हॅचबॅकपेक्षाही कमी. तरी पांदण रस्त्यावर ही गाडी जाते आणि हॅचबॅक अडकते, त्याचं कारण हेच.

याची किंमत हायवेवर मोजावी लागते. ताशी ७० ला इंजिन २९०० आरपीएमच्या आसपास फिरतं, आणि एवढ्या लांब स्ट्रोकच्या इंजिनाला ते तासन् तास मानवत नाही. समृद्धी महामार्गावर चालवायची गाडी हवी असेल तर इथेच थांबा.

मात्र विदर्भातल्या काळ्या मातीबद्दल कुणी बढाया मारू नयेत. मुरमावर वीतभर चिखल असेल तर अरुंद टायर तो कापत खाली कडक थरापर्यंत पोचतो आणि पकड मिळते. पण जुलैत भिजलेल्या खोल काळ्या रानात खाली कडक थर लागतच नाही. टायरच्या खाचा गाऱ्याने भरतात, ॲक्सल टेकतो आणि गाडी पोटावर बसते. तिथे फोर-व्हील असो नसो, ट्रॅक्टरच बोलवावा लागतो. रुंद टायर लावून हे सुटत नाही. किंगपिन (पुढचं चाक जिच्यावर वळतं ती पिन) आणि स्टिअरिंग बॉक्स मात्र लवकर झिजतात, कारण ते सगळं अरुंद टायरच्या हिशोबाने बनवलेलं आहे.

१९४९ ला सीजे-३ए आली, एका काचेच्या विंडशील्डची. आपल्यासाठी खरी महत्त्वाची १९५३ ची सीजे-३बी. विलीजने तोवर "हरिकेन" इंजिन काढलं होतं. खालचा ब्लॉक जवळपास तोच, पण इनटेक वॉल्व्ह हेडमध्ये वर गेले आणि एक्झॉस्ट वॉल्व्ह ब्लॉकमध्येच राहिले. ताकद सत्तरीच्या वर गेली आणि इंजिनाची उंचीही वाढली. मग बॉनेट उंच केलं. तेच ते पेटीसारखं उभं नाक, जे बघून आपल्याकडे लोक "असली जीप" म्हणतात. अमेरिकेत पुढे १९५५ मध्ये गोलसर सीजे-५ आली आणि ३बी मागे पडली. आपल्याकडे उलटं झालं, ३बी चा चेहराच दशकानुदशकं टिकला.

टोलेडोहून हिंगण्यापर्यंत

१९४५ मध्ये स्थापन झालेल्या महिंद्रा अँड मोहम्मद या कंपनीने चाळीसच्या दशकाच्या अखेरीस मुंबईत विलीजच्या जीप जोडायला घेतल्या. भागीदार मलिक गुलाम मोहम्मद फाळणीनंतर पाकिस्तानात गेले, तिथे अर्थमंत्री आणि पुढे गव्हर्नर जनरल झाले. कंपनीचं नाव १९४८ मध्ये महिंद्रा अँड महिंद्रा झालं. सुटे भाग आणून जोडणं, मग हळूहळू इथेच बनवणं, अशा वाटेने जीप भारतीय झाली. १९६५ च्या युद्धात पंजाबातल्या असल उत्तरला हवालदार अब्दुल हमीद यांनी पाकिस्तानी रणगाडे फोडले ते जीपवर बसवलेल्या १०६ मिलिमीटरच्या रिकॉइललेस तोफेने.

पेट्रोल महागलं तसं डिझेल आलं. महिंद्राने साठच्या दशकात इंटरनॅशनल हार्वेस्टरबरोबर ट्रॅक्टर बनवायला सुरुवात केली होती आणि त्याच ट्रॅक्टरच्या वंशातलं डिझेल इंजिन जीपमध्ये गेलं. हिंगणा एमआयडीसीत महिंद्राचा ट्रॅक्टर कारखाना असलेल्या गावात याचा फायदा कुणाला समजावून सांगायला नको. त्या इंजिनाचा आवाज ओळखणारा मिस्त्री काटोल-नरखेडच्या कुठल्याही चौकात भेटतो. नंतर एमएम ५४० मध्ये प्युजोचं २.१ लिटरचं डिझेल आलं, जरा शांत आणि जरा चपळ. हे सगळं आपण "जीप" या एकाच नावाखाली घालतो आणि भाग आणायला गेल्यावर फसतो. दुकानात जाताना मॉडेल, इंजिन आणि साल तिन्ही सांगा. जुना भाग बरोबर नेला तर सर्वांत उत्तम.

तिकडे पुढे काय झालं

अमेरिकेत जीपची भावंडं बरीच. डॉजची पॉवर वॅगन १९४६ ला आली, सैन्याच्या ट्रकची नागरी आवृत्ती: १२६ इंच व्हीलबेस, सहा सिलिंडरचं ९४ हॉर्सपॉवरचं इंजिन. आमच्या मते त्या घराण्यातली सर्वांत प्रामाणिक गाडी तीच. दिसायला कुरूप, चालायला संथ, ओढायला बैल. १९६० च्या अखेरीस इंटरनॅशनल हार्वेस्टरने स्काउट काढली आणि तिथून वारं बदललं. तिचं चार सिलिंडरचं इंजिन म्हणजे कंपनीच्याच व्ही-८ चा अर्धा भाग. यंत्रं, साचे आणि बरेच भाग तेच, खर्च वाचला. फोर्डची ब्रॉन्को १९६६ मॉडेल म्हणून आली, ९२ इंच व्हीलबेसची. तिने पुढच्या चाकांना पाट्यांऐवजी (लीफ स्प्रिंग) कॉइल स्प्रिंग आणि रेडियस आर्म दिले. म्हणून ती खड्ड्यांतही जीपपेक्षा सरळ चालते आणि वळते. १९६९ ची शेवरले ब्लेझर म्हणजे मोठ्या पिकअपचीच चेसिस आखूड केलेली. ब्रॉन्को आणि ब्लेझरच्या आधी, १९६३ मॉडेलच्या जीप वॅगोनियरने फोर-व्हील गाडीत घरच्यांना आरामात बसता येतं हे दाखवून दिलं होतं. ती जवळपास त्याच अंगाने १९९१ पर्यंत विकली गेली. आजच्या एसयूव्हीची आजी शोधायची तर वॅगोनियरकडे बघावं, विलीजकडे नाही.

या गाड्या नागपूरच्या रस्त्यावर दिसण्याची शक्यता नसल्यात जमा. पण चांगल्या-वाईटाचा अंदाज यावा म्हणून सांगितलं.

आता खाली वाका

आधी चेसिस. पत्रा बदलता येतो, रंग तर आठवड्यात होतो, वाकडी चेसिस मात्र कायमची डोकेदुखी. पुढच्या पाट्यांचे ब्रॅकेट, स्टिअरिंग बॉक्स जिथे बसतो ती जागा आणि इंजिन माउंटिंगच्या मागचा भाग, या तीन ठिकाणी तडे येतात. वायर ब्रशने चिखल खरवडा. जाड वेल्डिंग केलेली पट्टी दिसली तर तिच्याखाली तडा आहे असंच समजा. मग टेप घ्या. पुढच्या डाव्या पाट्याच्या पिनपासून मागच्या उजव्या पिनपर्यंत आणि उलट, असे दोन कर्ण मोजा. सहा-आठ मिलिमीटरपेक्षा जास्त फरक असेल तर गाडी कुठेतरी जोरात आदळलेली आहे.

"फोर बाय फोर चालू" हे तपासायला गाडी चिखलात न्यायची गरज नाही. पुढचं एकच चाक जॅकवर उचला, बाकी तीन जमिनीवर, मागच्या चाकांना दगड लावा, इंजिन बंद. टू-व्हीलमध्ये उचललेलं चाक हाताने फिरवा: चाक फिरतं आणि पुढचा प्रोपेलर शाफ्टही (ॲक्सलला जोर पोचवणारा दांडा) फिरतो. आता लिव्हर टाकून फोर-व्हील लावा. चाक थोड्याशा प्लेनंतर खटकन अडलं पाहिजे. अडलं नाही तर आत काहीतरी तुटलंय किंवा काढून टाकलंय. पुढचा शाफ्टच काढून ठेवलेल्या गाड्या पुष्कळ असतात, आणि महिंद्राने टू-व्हील गाड्याही भरपूर विकल्या. पुढच्या ॲक्सलला डिफरेंशियलचा गोळाच नसेल तर दोन लिव्हरची मूठ बघून हुरळून जाऊ नका. पुढच्या चाकांवर फिरवून लॉक करायचे हब दिसले, तर चाचणीआधी ते लॉकवर आहेत ना ते बघा. नाहीतर चांगली गाडी नापास कराल.

गाडी चालवून बघताना डांबरी रस्त्यावर फोर-व्हील लावू नका आणि विक्रेत्यालाही लावू देऊ नका. या गाड्यांना मधला डिफरेंशियल नाही, पुढचा आणि मागचा ॲक्सल घट्ट जोडले जातात. वळणावर पुढची चाकं मागच्यांपेक्षा लांब अंतर कापतात. चिखलात टायर घसरून हिशोब मिटतो, डांबरावर टायर घसरत नाही. मग सगळा पीळ शाफ्ट, त्याचे सांधे (क्रॉस) आणि गिअरच्या दातांत साठतो. स्टिअरिंग जड होतं, लिव्हर हलेनासा होतो. असं झालंच तर लिव्हरवर ताकद लावू नका. गाडी सरळ मागे आठ-दहा फूट घ्या, पीळ सुटतो, लिव्हर अलगद निघतो.

ट्रान्सफर केस स्पायसरची मॉडेल १८. मधल्या गिअरची पिन हा तिचा दुबळा भाग. युद्धकाळातल्या गाड्यांत ती पाऊण इंचाची होती, पुढे ती सव्वा इंचापर्यंत जाड करत नेली, यावरूनच मूळ दुखणं कळतं. पिन, तिच्यावरच्या सुया आणि बाजूचे वॉशर झिजले की लो मध्ये घरघर येते, गिअर उडतो आणि पिनेच्या मागच्या टोकातून तेल ठिबकतं. सुटे भाग स्वस्त आहेत, उघडायची मजुरी जास्त. त्यामुळे उघडलीच तर पिन, सुया, वॉशर आणि सगळे सील एकदमच बदलून टाका. गिअरबॉक्स आणि ट्रान्सफर केस यांच्यात तेल इकडून तिकडे जातं, म्हणून एकाची पातळी बघून दुसऱ्याबद्दल खात्री धरू नका, दोन्ही प्लग उघडा. तेल ९० नंबरचं, पण गिअरबॉक्सला जीएल-४ दर्जाचंच. काही जीएल-५ तेलांतली रसायनं पितळी सिंक्रो रिंगला मानवत नाहीत. डिफरेंशियलमध्ये साधारण सव्वा लिटर, प्लगच्या भोकापर्यंत.

मूळ हँडब्रेक चाकांवर नसतो, ट्रान्सफर केसच्या मागे शाफ्टवर असतो. त्यामुळे मागचा सील गळला की तेल थेट हँडब्रेकच्या लायनिंगवर. "हँडब्रेक जरा कमी धरतो" असं ऐकलं की तिथेच बघा, आणि मागचा प्रोपेलर शाफ्ट काढताना हँडब्रेकवर विसंबून गाडीखाली शिरू नका. पायाचा ब्रेकही एकाच सर्किटचा. एका चाकाचा सिलिंडर फुटला की चारही गेले. चारही ड्रम उतरवून बघितल्याशिवाय सौदा करू नये.

पुढची चाकं वर-खाली धरून हलवा. हलली तर किंगपिनचे बेअरिंग ढिले. ताशी पन्नासला खड्डा लागून स्टिअरिंग थरथरायला लागतं, ते बहुतेक वेळा इथूनच. पाना मारून ते दुरुस्त होत नाही, किंगपिनखालच्या शिम (पातळ चकत्या) कमी कराव्या लागतात. ॲक्सल आणि मोठा सील काढलेला असताना टाय-रॉडच्या भोकाला स्प्रिंगकाटा लावून ओढलं तर ४ ते ६ पौंडाला, म्हणजे साधारण दोन ते पावणेतीन किलोला नकल (चाक धरणारा वळता सांधा) फिरलं पाहिजे. नंतर टो-इन (पुढची चाकं पुढून किंचित आत वळलेली) दीड-दोन मिलिमीटर.

स्टिअरिंगमधला प्ले शोधायला एक माणूस स्टिअरिंग हलवायला बसवा आणि तुम्ही खाली झोपा. बॉक्सपासून चाकापर्यंत एकेक जोड बघत जा. बहुतेक मिस्त्री लगेच बॉक्स कसतात, पण निम्मा दोष आडव्या पट्टीवरच्या बेल क्रँक या मधल्या लिव्हरच्या पिनेत असतो. बॉक्स कसायचाच असेल तर चाकं अगदी सरळ ठेवून कसा. या गाड्यांतल्या रॉस कंपनीच्या बॉक्सची कॅम मध्यावर सर्वांत घट्ट असते. वळलेल्या स्थितीत कसला तर सरळ येताना जाम होतो.

एक लहानशी गोष्ट, पण पाने आणि स्टड दोन्ही वाचवते: जुन्या विलीज घराण्यातल्या गाड्यांना डाव्या बाजूच्या चाकांचे नट उलट्या आट्यांचे असतात. सुटत नाही म्हणून पाइप लावून जोर करण्याआधी स्टडच्या टोकावरची खूण बघा.

नवतपा आणि पेट्रोल इंजिन

पेट्रोलवरच ठेवलेली जीप नागपुरात घ्यायची तर मे महिन्यात बघा. पंचेचाळीस अंशांत जी बिनतक्रार सुरू होते ती घ्यावी.

गरम होण्याचं निदान सोपं आहे. सीताबर्डीच्या गर्दीत तापते आणि मोकळ्या रस्त्यावर निवते, तर हवा कमी पडतेय: पंखा, पट्टा, पंख्याभोवतीचं आवरण. मोकळ्या रस्त्यावर वेगात तापते, तर पाणी कमी फिरतंय: रेडिएटरच्या नळ्या बुजलेल्या, किंवा खालचा होज ओढीने चपटा होतोय. आणि ब्लॉक. इंजिन थंड असताना ब्लॉकच्या खालच्या अंगाचा ड्रेन कॉक उघडा. पाणी आलं नाही तर टाकी रिकामी आहे असं समजू नका, आत गंजाचा गाळ बसलाय. तार घालून उकरा, तपकिरी गाळ सुटेल, मग पाणी उलट्या दिशेने सोडा. हा गाळ तसाच राहिला की वॉल्व्ह सीट आणि सिलिंडरच्या मधला भाग तापतो, तिथे तडा जातो, आणि मग नवीन हेड गॅस्केट घालूनही पाणी जात राहतं. थर्मोस्टॅट काढून टाकणं हा आपल्याकडचा लाडका उपाय. बुजलेला रेडिएटर त्याने मोकळा होत नाही. डिसेंबरच्या सकाळी मात्र इंजिन गरमच होत नाही आणि पेट्रोल ऑइलमध्ये उतरतं.

दुसरा त्रास व्हेपर लॉकचा. उन्हात दहा मिनिटं थांबून निघालं की गाडी गुडगुडून बंद पडते. पंप आणि पेट्रोलचा पाइप गरम मॅनिफोल्डजवळ आहेत, पेट्रोलची वाफ होते आणि पंप वाफ ढकलू शकत नाही. तात्पुरता उपाय म्हणजे पंपावर ओला फडका. कायमचा म्हणजे पाइप मॅनिफोल्डपासून दूर वळवणं, मध्ये पत्र्याचं आवरण, कार्ब्युरेटरखाली उष्णता अडवणारा जाड स्पेसर, आणि तरीही भागलं नाही तर टाकीजवळ इलेक्ट्रिक पंप. आता पेट्रोल पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. जुन्या रबराला ते सोसत नाही. पंपाचा पडदा फुगतो, पाइप आतून सुटतो आणि कचरा जेटमध्ये अडकतो. पडदा आणि पाइप इथेनॉलला टिकणारे घाला, मिश्रण किंचित घट्ट (पेट्रोल जास्त) करा, आणि पावसाळ्यात गाडी उभी राहणार असेल तर टाकी अर्धी ठेवू नका. इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं आणि टाकी तळातून गंजते.

ट्यूनिंगचे आकडे थोडेच: फायरिंग ऑर्डर १-३-४-२, पॉइंट गॅप ०.५ मिलिमीटर, प्लग गॅप ०.७५, टायमिंग टीडीसीच्या (पिस्टन सर्वांत वर असतो ती जागा) ५ अंश आधी. हरिकेन इंजिनात टॅपेटची फट इंजिन थंड असताना इनटेक ०.४६ आणि एक्झॉस्ट ०.४१ मिलिमीटर. एक्झॉस्टचे टॅपेट बाजूचं झाकण काढूनच सापडतात. म्हणून बरेच जण वरचे चार कसून मोकळे होतात आणि खालचे एक्झॉस्ट वॉल्व्ह जळतात. गरम इंजिनात २००० आरपीएमला ऑइल प्रेशर ३५ पीएसआयच्या आसपास हवं.

मूळ ६ व्होल्टची वायरिंग असेल आणि स्टार्टर सुस्त असेल तर बॅटरी बदलण्याआधी केबल बघा. तेवढ्याच कामाला ६ व्होल्टमध्ये दुप्पट करंट लागतो. १२ व्होल्टची बारीक केबल लावली की सगळा जोर केबलमध्येच जातो. बोटभर जाड केबल आणि चेसिसला घासून लावलेली अर्थ, एवढ्याने निम्म्या तक्रारी मिटतात.

कागद

सर्वांत शेवटी कागद बघतात, बघायला हवेत सर्वांत आधी. चेसिसवर ठोकलेला नंबर आरसीशी स्वतः ताडून पाहा, पितळी पाटीवर जाऊ नका. पाट्या नव्या बनवून मिळतात. डिस्पोजलची गाडी असेल तर लिलावापासूनची साखळी पूर्ण हवी. आरसीवर इंधन पेट्रोल आणि बॉनेटखाली डिझेल, हे नागपुरात इतकं सर्रास आहे की विक्रेत्याला त्यात काही वावगंच वाटत नाही. इंजिन बदललं की आरटीओत नोंद करावी लागते. ती नसेल तर नूतनीकरणाच्या वेळी फिटनेस अडतो. १५ वर्षांनंतर नूतनीकरण पाच-पाच वर्षांचं, वर पर्यावरण कर.

२०२१ पासून व्हिंटेज नोंदणीचा वेगळा मार्ग आहे: पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं झालेली, मूळ रूपातली, व्यवसायासाठी न वापरलेली गाडी. शुल्क २०,००० रुपये, मुदत १० वर्षं, पुढे दर ५ वर्षांना ५,०००, आणि नंबरात व्हीए अक्षरं. पण चेसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठे बदल केलेली गाडी यात बसत नाही, आणि व्हिंटेज नंबरावर रोज भाजी आणायला जाता येत नाही. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, इंधन भरणं, एवढ्यापुरतीच ती रस्त्यावर येते. म्हणून डिझेल घातलेली ३बी घेणाऱ्याने व्हिंटेजचा विचार सोडून साध्या नूतनीकरणाचा खर्च धरावा. मूळ हरिकेन इंजिनाची, नंबर जुळणारी गाडी सापडली तर डिझेलवालीपेक्षा जास्त पैसे मोजायला हरकत नाही, आणि तिचं इंजिन बदलायचा सल्ला देणाऱ्या मिस्त्रीकडे ती नेऊ नये.